विहीणबाईंच्या खुर्चीत

"वन्सं, आधी दार लावून घ्या," वहिनी म्हणाली. गालावर हात दाबून धरल्यामुळे शब्द तोंडाच्या एका बाजूने गळत होते.

मी दार लावलं. कडी घालू का विचारलं, तर मान हलवून हो म्हणाली. आमच्या घरात कडी घालून बोलायचं ते फक्त सोन्याबद्दल किंवा सोयरिकीबद्दल. सोयरीक तर उघडउघड जमलेली होती. माझ्या भाचीचं, ऋजुताचं लग्न पुढच्या रविवारी होतं, तेही सांगलीतल्याच वेदपाठकांच्या घरात. मग उरलं सोनं. मला वाटलं, आमच्या सराफी पेढीतलं काही हरवलं.

"काल केळवणात दाढ तुटली ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," मी म्हटलं. "त्याला कडी कशाला?"

"दाढेचं नाही. हे बघा."

तिने कपाळावरचं कुंकू पदराच्या टोकाने पुसलं. दोन दिवसांपासून तिचं कुंकू एकदम मोठं झालेलं मी बघत होते. म्हटलं, विहीण होण्याची तयारी चाललीय. कुंकवाखाली दोन भुवयांच्या मधोमध हिरवट-निळा डाग निघाला.

"कोणी मारलं?"

"कोणी नाही. मीच टोचून घेतलं. सुरकुत्यांचं इंजेक्शन. बोटॉक्स."

बुधवारी ती पैठणी बदलून आणायला म्हणून कोल्हापूरला गेली होती आणि तीच पैठणी घेऊन परत आली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी दुकानदाराला शिव्या देत बसले.

मी लग्न केलं नाही, पेढी केली. दादा गादीवर बसतो आणि मी काउंटरला. तिथल्या आरशाने मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेने नाही. हार बघायला आलेली बाई आरशात हार बघत नाही, गळा बघते, गळ्यावरच्या वळ्या बघते, आणि मग हार नको म्हणते. तेव्हा बोटॉक्स म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. वहिनीने ते का घेतलं, हेही सांगावं लागलं नाही. साखरपुड्याला वेदपाठकांकडची एक मुलगी वाकून तिच्या पाया पडली होती आणि म्हणाली होती, "तुम्ही ऋजुताच्या आजी ना?" मी शेजारीच उभी होते. वहिनीपेक्षा वर्षाने मोठी असून मला ती मावशी म्हणाली. वहिनीने ते त्या मुलीला माफ केलं, मला केलं नाही.

"बरं, घेतलंस तर घेतलंस. मग आता रडतेस कशाला?"

"तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कपाळ चोळायचं नाही, दाबायचं नाही, आणि पंधरा दिवस दातांचं काही काम काढायचं नाही."

"आणि तू दुसऱ्याच दिवशी डिंकाच्या लाडवावर दाढ आपटलीस."

"चेष्टा नको ना वन्सं. ते औषध जागेवर बसायला वेळ लागतो म्हणे. खुर्चीत आडवं पाडलं, तोंड वासून तासभर दाबलं, ओढलं, तर ते सरकू शकतं. सरकलं तर पापणी खाली येते. महिना महिना वर जात नाही." ती थांबली. "रविवारी अंतरपाट धरतील, आणि मी उभी एक डोळा अर्धा मिटून."

"लोक म्हणतील, मुलीची आई भटजींना डोळा मारते."

ती हसायला गेली आणि कळ येऊन पलंगावर बसली. तेव्हा मात्र मी चेष्टा थांबवली. उजवा गाल सकाळपेक्षा वर आला होता आणि अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मी तिच्याकडून नंबर घेऊन कोल्हापूरला फोन लावला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "एरवी थांबा म्हटलं असतं. पण सूज आणि ताप आहे म्हणजे आत पू आहे. आता थांबू नका, तो धोका मोठा. दाताच्या डॉक्टरांना फक्त आधी सांगा. म्हणजे ते खुर्ची उभी ठेवतील, चेहरा दाबणार नाहीत. सांगितल्याशिवाय काही करून घेऊ नका."

मी वहिनीला शब्द न् शब्द सांगितला.

"सांगायचं," ती म्हणाली. "कोणाला सांगायचं ते माहीत आहे ना?"

माहीत होतं. तिथेच तर सगळं अडलं होतं. ऋजुताची होणारी सासू, डॉक्टर मंदाकिनी वेदपाठक, ही सांगलीतली नावाजलेली दातांची डॉक्टर. पांढरे केस, सुती साडी, आणि बोलणं कानशीने घासून घेतल्यासारखं. पहिल्या बैठकीत चहा घेता घेता म्हणाल्या होत्या, "केस काळे करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही." दादाने त्याच सकाळी केस काळे केले होते. त्याने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि खाजवल्यासारखं केलं.

"मिरजेला जाऊ," मी म्हटलं. "गुपचूप. रिक्षा करून."

"ह्यांनी फोनही केला त्यांना. अकराला बोलावलंय."

मी दादाकडे गेले. म्हटलं, लग्नाच्या गडबडीत विहीणबाईंना कशाला त्रास, मिरजेत कोणालाही दाखवू. दादाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "विमल, उद्या वेदपाठकांनी सुनेचं मंगळसूत्र दुसऱ्या पेढीवरून घेतलं तर तुला कसं वाटेल?"

दादाचं खरं होतं. घरची विहीण दातांची डॉक्टर असताना मुलीच्या आईने दुसऱ्यापुढे तोंड उघडलं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं की दोन्हीकडे काही तरी बिनसलंय. आमच्यात सोयरिकी हुंड्यावरून मोडत नाहीत, मानापानावरून मोडतात.

निघताना वहिनीने कुंकू पुन्हा लावलं, आधीपेक्षाही मोठं. "वन्सं, तुम्ही बोलायचं नाही. मी सांगेन, मला आडवं पडलं की चक्कर येते. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला."

मी शपथ घेतली नाही, मोडलीही नाही. नुसती चप्पल घातली. मनाशी ठरवलं, सुई पुढे येईपर्यंत वहिनीला वेळ द्यायचा. त्यानंतर मी बोलणार, मग आयुष्यभर अबोला धरला तरी चालेल.

दवाखान्यात आम्ही तिघंही आत गेलो. बाहेर बसायला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी दादाने ऐकलं नसतं. आमच्याकडे दुखणं एकाचं असतं, पण डॉक्टरला सगळे मिळून भेटतात.

आत विहीणबाई होत्या आणि त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर होती, रुबीना नावाची. रुबीनाने फोटो काढला, पडद्यावर दाखवला. दाढेच्या मुळाशी काळी सावली होती. "पू झालाय," ती म्हणाली. "आजच मोकळं करायला हवं. उद्यावर ढकलता येणार नाही."

"रुबीना करेल," विहीणबाई म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

दादाचा चेहरा पडला. "विहीणबाई, आम्ही तुमच्या भरवशावर आलो."

"माझ्याच दवाखान्यात होतंय ना? तिचा हात उत्तम आहे."

"असेल. पण आमच्या पेढीवरही चांगले कारागीर आहेत. तरी जावईबापूंची, तुमच्या सौमित्रची अंगठी मी स्वतः घडवली. घरचं माणूस म्हटल्यावर कारागिराकडे सोडत नाही मी." दादा हसून बोलत होता, पण आवाज ताणलेला होता. "का आम्ही अजून घरचे नाही?"

रुबीना ट्रेमधली अवजारं उगाच सरळ करत राहिली. विहीणबाईंनी एकदा वहिनीकडे बघितलं, एकदा दादाकडे, आणि हातमोजे चढवायला घेतले. एका मोज्याला बराच वेळ लागला. मला वाटलं, रागावल्या.

"हेमाताई, साखर आहे? रक्तदाब?"

"छे," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारतेय, वसंतराव."

वहिनीने मानेने नाही म्हटलं.

"मागच्या महिन्याभरात काही औषध, इंजेक्शन, काही उपचार?"

"आमच्याकडे कोणी आजारीच पडत नाही," दादा म्हणाला.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा मानेने नाही म्हटलं. कोल्हापूरच्या बाईंचा आवाज कानात होता, सांगितल्याशिवाय काही करून घेऊ नका, आणि इथे तर विचारूनही सांगणं झालं नव्हतं.

खुर्ची घरघरत मागे जायला लागली.

"मला आडवं पडलं की चक्कर येते," वहिनी घाईने म्हणाली.

"कधीपासून?" दादा म्हणाला. "काल पंगत उठल्यावर साडूंच्या सोफ्यावर आडवी पडून घोरत होतीस की."

खुर्ची खाली जातच राहिली. वहिनीचे पाय डोक्याच्या पातळीला आले. दिवा पेटला, आणि त्या उजेडात तिचं कुंकू पोस्टाच्या शिक्क्यासारखं दिसायला लागलं. मी पायथ्याशी उभी होते. विहीणबाई माझ्याकडे पाठ करून तिच्यावर वाकल्या. त्यांचा डावा हात वहिनीच्या गालावर जाऊन टेकला, अंगठा वर डोळ्याच्या दिशेला. आता दाबणार, मी मनात म्हटलं. आता ते औषध सरकणार. कसं सरकतं, कुठून कुठे जातं, मला काय कळत होतं. मला नुसती ती पापणी दिसत होती.

मी घसा खाकरला.

"काय विमलताई?" विहीणबाई मागे न वळता म्हणाल्या.

खुर्चीतून वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी खोकल्याचं निमित्त केलं. "काही नाही," मी म्हटलं, आणि स्वतःला सांगितलं, सुई येऊ दे. सुई आली की.

रुबीनाने सिरिंज दिली. विहीणबाईंच्या पाठीमुळे मला ती दिसली नाही. मला दिसत होता फक्त वहिनीचा चेहरा. ती वासलेल्या तोंडाने वर बघत होती, आणि बघता बघता तिचे डोळे मोठे झाले. रुबीनाने मान खाली घातली. मी तोंड उघडलं.

माझ्याआधी वहिनीचा हात वर आला आणि तिने विहीणबाईंचं मनगट धरलं. घट्ट धरलं, दोन्ही हातांनी.

"थांबा," ती म्हणाली. "मी बोटॉक्स घेतलंय."

"काय घेतलंस?" दादा म्हणाला.

"सुरकुत्यांचं इंजेक्शन. कपाळात. परवा, कोल्हापूरला. पैठणी बदलायला नव्हते गेले." एका दमात सगळं बोलून तिने विहीणबाईंकडे बघितलं. "त्यांनी सांगितलंय, तोंड दाबून काम करू द्यायचं नाही. हलक्या हाताने करायचं. म्हणून म्हटलं, आधी सांगावं."

दादा काही बोलायला गेला आणि तोंड नुसतं वासलेलं राहिलं. त्या खोलीत आता दोघांची तोंडं उघडी होती.

मी वाट बघत होते की आता त्या काय म्हणतात. केस काळे करणं ज्यांना चालत नाही, त्या ह्यावर काय म्हणतील. सिरिंज ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला. त्या मागे वळल्या, तेव्हा मास्कच्या वर कपाळ घामाने ओलं होतं.

"मग मी हात लावणार नाही," त्या म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीसारखाच, कानशीने घासलेला. "माझं शिक्षण जुनं. मला दाबून काम करायची सवय. रुबीना, तू घे. खुर्ची अर्धी उभी कर. डोळ्यांच्या वर हात जाऊ द्यायचा नाही. मधे मधे थांब, त्यांना तोंड मिटू दे."

"बाकी काही धोका?" मी विचारलं.

"धोका पू राहण्यात आहे. बाकीचं सांभाळता येतं, माहीत असलं म्हणजे." मग दादाकडे वळून म्हणाल्या, "वसंतराव, तुम्ही बाहेर बसा."

ह्या वेळी दादा निमूट गेला.

रुबीनाने सुई दिली, दाढ मोकळी केली, मधे मधे थांबली. विहीणबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून. सगळं संपेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. मला वाटलं, अजून रागात आहेत.

गाडी नदीच्या पुलावर आली. दादा म्हणाला, "पुढच्या वेळी माझ्यासाठीही एक टोचून आण. नाकात. तेवढंच कापलं गेलंय."

लग्नापर्यंत पापणी पडते का ह्याची धास्ती माझी एकटीचीच होती. रोज सकाळी मी वहिनीला खिडकीशी उभी करून दोन्ही डोळे सारखे उघडतात का बघायची. पापणी पडली नाही. सूज ओसरली. आणि लग्नाच्या दिवशी औषध पुरतं चढून तिचं कपाळ घासलेल्या ताटासारखं लखलखीत झालं. पाठवणीच्या वेळी ती ऋजुताच्या गळ्यात पडून हमसून रडली, पण कपाळावर आठी म्हणून उमटली नाही. गोष्ट तोवर दादाच्या साडूंमार्फत सगळ्या मांडवात पोचली होती. एक मामी म्हणाली, "डोळे मुलीकडचे आहेत, कपाळ मुलाकडचं."

तिथून जे सुरू झालं ते थांबलं नाही. कुठलंही कार्य असो, कोणी तरी म्हणायचं, "हेमा, जरा भुवया उडवून दाखव." हळदीकुंकवाला वाण देताना म्हणायचे, "हे घे, टोचायचं नाही, नुसतं लावायचं." सुईला भिऊन सगळं ओकली, ही माझी पुस्ती. सगळ्यात जास्त मीच चिडवायची, हे उघड आहे, घरात जिभेचं खातं माझ्याकडे होतं. वहिनी हसून सोडून द्यायची. विहीणबाई मात्र ह्या चेष्टेत कधी आल्या नाहीत. विषय निघाला की उठून आत जायच्या. आम्ही म्हणायचो, शिस्तीची बाई, अजून पचलेलं नाही तिला.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने विहीणबाईंनी दवाखाना रुबीनाच्या हवाली केला. कंपवात निघाला होता. सगळे हळहळले. दादा म्हणाला, "काय ती सोन्यासारखी बोटं. लग्नाच्या वेळेला काही नव्हतं हो." लग्नात कोणाची तरी नजर लागली, असंही बोलून झालं.

त्या आता नाहीत, म्हणून पुढचं सांगते.

ऋजुताला दुसरं मूल झालं तेव्हाची गोष्ट. वहिनी आणि मी वेदपाठकांकडून बाळाला बघून परत आलो होतो. तिथे विहीणबाईंना बाळ मांडीवर हवं होतं, आणि रुबीनाने शेजारी बसून खालून आपले हात धरले होते. दुपारची वेळ, पेढीत गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर बोरमाळेचे मणी निवडत होते, वहिनी समोर बसली होती.

"तुझं नशीब बघ," मी म्हटलं. "तू त्यांच्या खुर्चीत बसलीस तेव्हा त्यांचा हात धड होता. हेच वर्षभराने झालं असतं तर सुई गालातून आरपार."

"धड नव्हता," वहिनी म्हणाली.

मी मणी खाली ठेवला.

"तुम्ही पाठीमागे होतात. मला दिसत होतं. सुई तोंडाशी आली ती थांबेचना. पाण्यावर काडी हलते तशी. त्यांनी दुसऱ्या हाताने धरली, तर दोन्ही हलायला लागले. रुबीनाला माहीत होतं, तिने खाली बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, वन्सं. मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते. इतकी घाबरलेली बाई मी दुसरी बघितली नाही, आणि त्या दिवशी सगळ्यात घाबरलेली मीच आहे अशी माझी समजूत होती."

"मग तसं सांगायचंस. हात हलतोय म्हणायचंस."

"तुमच्या दादांसमोर? नऊ दिवसांवर लग्न? ते म्हणाले असते, लपवलं, फसवलं. मुलात काही खोट नव्हती. ऋजुता त्याच्यासाठी जीव टाकत होती."

"म्हणून तू..."

"फार विचार नाही केला. तेवढा वेळच नव्हता. त्यांना माघार घ्यायला कारण हवं होतं, आणि माझ्याकडे एकच होतं. ते देऊन टाकलं."

रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली. मी निवडलेले मणी पुन्हा एकाच वाटीत ओतले.

"त्यांना कळलं? तू बघितलंस ते?"

"मनगट मी धरलं होतं ना. सुटेपर्यंत थरथर माझ्या हातात होती." ती उठून पदर सारखा करायला लागली. "पुढे आम्ही कधी बोललो नाही त्यावर."

"आणि एवढी वर्षं मी चारचौघांत तुला..."

"हो. जरा जास्तच."

"आता नाही हं. आता माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही."

वहिनी दारापाशी थांबली. इंजेक्शन तिने त्यानंतर कधी घेतलं नव्हतं, कपाळावर सगळ्या आठ्या परत आल्या होत्या, आणि त्या सगळ्या एकत्र गोळा करून ती माझ्याकडे बघत होती.

"असलं काही करू नका. तुम्हीच गप्प बसलात तर ऋजुता विचारेल, आत्याला काय झालं. मग एकातून एक निघत जाईल. रविवारी बारसं आहे, सगळे जमतील. नेहमीसारखं चिडवा. चेष्टा चालू आहे तोवर त्यांनाही कळतं, गोष्ट माझ्यापाशीच राहिलीय." मग पायरी उतरता उतरता म्हणाली, "आणि विहीणबाई समोर बसल्या असतील तेव्हा थोडं मोठ्याने."